पाहा: कुटुंब

आपण लिहिलेलं पुस्तकच आपल्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं, तर माणसाने दाद मागायची कुणाकडे? कोशबाईंना हा प्रश्न पडला तेव्हा त्या कोर्टाच्या कडक बाकावर बसल्या होत्या आणि समोर कोर्टाचा कारकून त्यांचाच शब्दकोश दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होता. कोश जाडजूड होता आणि कारकून किरकोळ. दोघांपैकी आधी कोण खाली पडेल ते सांगता येत नव्हतं.

कोशबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सगळी नोकरी शब्दकोशाच्या कचेरीत झाली, म्हणून गल्लीने ते चिकटवलं आणि त्यांनीही मुकाट्याने घेतलं. कचेरीत अक्षरं वाटून दिलेली असत. बाईंच्या वाट्याला 'क'पासून 'च'पर्यंतचा पट्टा आला होता. या पट्ट्यात त्यांच्या हातून एक घोटाळा झाला होता, आणि तो फक्त कोश लिहिणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकतो. 'कुटुंब' या शब्दापुढे त्यांनी लिहिलं, 'एका चुलीवर जेवणारी माणसे. पाहा: चूल.' पुढे 'घर' आलं, तिथे लिहिलं, 'कुटुंबाची राहण्याची जागा. पाहा: कुटुंब.' आणि 'च'पर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली की 'क'मध्ये आपण काय लिहिलंय ते विसरूनच गेल्या. 'चूल'पुढे लिहून मोकळ्या झाल्या, 'घरातील अन्न शिजवण्याची जागा. पाहा: घर.' म्हणजे कुटुंब कळायला चूल बघा, चूल कळायला घर बघा, घर कळायला पुन्हा कुटुंब बघा. वाचणारा एकदा आत शिरला की घाण्याला जुंपल्यासारखा फिरत राहणार.

छापून झाल्यावर हे बाईंच्या लक्षात आलं. ही गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली, विहीणबाईंना. विहीणबाई हसून हसून जमिनीवर बसल्या. त्यानंतर "काय चाललंय?" म्हणून कुणी विचारलं की त्या सरळ चेहऱ्याने सांगायच्या, "पाहा: चूल."

या विहीणबाई म्हणजे कोशबाईंच्या मुलाच्या सासूबाई. मुलगा आणि सून लग्नानंतर लांबच्या देशात निघून गेले. इकडे विहीणबाईंचा पाय मोडला, म्हणून कोशबाई चार दिवस मदतीला गेल्या. दोघीही विधवा, दोघींच्याही घरी वाट बघणारं कुणी नाही. पाय सांधला, पण कोशबाईंची पिशवी काही परत भरली गेली नाही. विहीणबाईंच्या भाड्याच्या दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर आणि मागची कपडे वाळत घालायची गॅलरी यांत त्या कायमच्या मुरल्या. मग एक दिवस फोन आला की मुलांनी काडीमोड घेतला. त्या दिवशी दोघी एकमेकींशी ब्र म्हणून बोलल्या नाहीत. माझ्या लेकराचं काही चुकलं नाही, असं दोघींच्याही चेहऱ्यावर ठसठशीत लिहिलेलं. दिवेलागणीला विहीणबाई म्हणाल्या, "मीठ संपलंय. आणता का?" कोशबाईंनी चपला घातल्या आणि आणलं. मुलांचा काडीमोड झाला, विहिणींचा काही झाला नाही.

आता विहीणबाई गेल्या. पंधरवडाभरही उसंत न देता घरमालक दारात उभा राहिला. "बाई, भाडेकरू त्या होत्या. तुम्ही कोण?"

कोशबाईंचं स्वतःचं घर केव्हाच सुटलं होतं. मुलगा फोनवर "बघू, बघू" म्हणायचा. वय असं की नव्या घरात पाणी कुठल्या नळाला येतं ते समजेपर्यंत वरचं बोलावणं यायचं. जाणार कुठे? त्यांचा भाचा वकील होता. तो म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस. भाडेकरू वारला, तर त्याच्या कुटुंबातलं जे माणूस त्याच्याबरोबर राहत असेल, त्याला घराबाहेर काढता येत नाही. कायदाच आहे तसा." मात्र कुटुंब म्हणजे कोण, ते कायदा करणाऱ्यांनी लिहिलं नव्हतं. घाईत असतील. अशा वेळी कोर्ट कोश उघडतं, आणि कोर्टाने कोशबाईंचा कोश उघडला.

न्यायाधीश मोठे सज्जन गृहस्थ होते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. कोशावर त्यांची अढळ श्रद्धा होती. कारकुनाने खणखणीत आवाजात वाचलं, "कुटुंब. नपुंसकलिंगी नाम. एका चुलीवर जेवणारी माणसे. पाहा, चूल." न्यायाधीशांनी मान डोलावली. "कोश पाहा म्हणतोय, तर कोर्टाला पाहावंच लागेल. पुढची तारीख चुलीची. तोवर बाईंना घरातून हलवायचं नाही."

कोशबाईंना राहवलं नाही. त्या उठल्या. "साहेब, हे मीच लिहिलंय. मला तसं म्हणायचं नव्हतं. जेवायची वेळ झाली होती, पोटात कावळे ओरडत होते, डोळ्यांपुढे चूलच दिसत होती."

समोरचे, म्हणजे घरमालकाचे, वकील ताडकन उठले. दिसायला गोड आणि बोलायला त्याहून गोड, असे ते होते. "साहेब, माझी हरकत आहे. तसा अर्जच देतो. कोश कुणी लिहिला याची कोर्टाने दखल घेऊ नये. उद्या प्रत्येक शब्दामागे एकेक म्हातारी येऊन उभी राहील."

"मान्य," न्यायाधीश म्हणाले. मग मायेने बाईंकडे वळले. "बाई, कोशाला आईबाप नसतात. आणि तुम्हीच लिहिलं असेल, तर तुमचं तर मुळीच ऐकता यायचं नाही. तुमचा स्वार्थ आहे ना त्यात." कारकुनाने तेवढं बोलणं कागदावरून खोडलं. आपलं वाक्य आपल्या डोळ्यांदेखत खोडलं जाताना बघायची कोशबाईंना कचेरीतली सवय होती, तरी त्यांना ते लागलं.

चुलीच्या तारखेआधी कोर्टाचा कमिशनर मोजपट्टी घेऊन घरी आला. स्वयंपाकघरात दोन बर्नरची शेगडी होती. त्याने वाकून बघितलं, फुंकर मारली, बोट फिरवून वास घेतला.

"डावा बर्नर कुणाचा?"

"माझा."

"आणि उजवा?"

"त्यांचा."

कमिशनरने लिहून घेतलं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दोघींचं मिठावरून जमत नसे. कोशबाईंचा हात आखडता, विहीणबाईंचा सढळ. पहिल्याच महिन्यात विहीणबाईंनी कोशबाईंची भाजी तोंडात घालून सांगितलं होतं, "तुमची भाजी अगदी तुमच्या कोशासारखी आहे. सगळं बरोबर, चव तेवढी नाही." त्या दिवसापासून डावीकडे एक पातेलं आणि उजवीकडे एक. जेवायला मात्र दोघी एकाच टेबलावर, एकमेकींच्या ताटाकडे बघून नाकं मुरडत.

चुलीच्या तारखेला कारकुनाने वाचलं, "चूल. स्त्रीलिंगी नाम. घरातील अन्न शिजवण्याची जागा. पाहा, घर." आणि बसायला लागला.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "खाली काहीतरी आहे."

"ते उदाहरण आहे साहेब."

"या कोर्टात नोंद अर्धी वाचत नाहीत."

कारकुनाने वाचलं, "उदाहरणार्थ, चूल पेटली नाही म्हणून पाहुणे उपाशी परत गेले."

न्यायाधीश गंभीर झाले. "कोण हे पाहुणे?"

कोर्टात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भाचा म्हणाला, "साहेब, ते नुसतं वाक्य आहे. कोशात घालायला बनवलेलं."

"कोश खोटं कशाला लिहील?" न्यायाधीशांनी विचारलं. त्यांना खरोखरच समजत नव्हतं. "व्याख्या म्हणजे कोशाचं मत. उदाहरण म्हणजे कोशाने बघितलेलं. बघितलेलं जास्त धरायचं की मत?" त्यांनी कमिशनरला पाहुण्यांचा शोध घ्यायला सांगितलं. तो बिचारा गल्लीत दारोदार फिरला. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी कुत्रं अंगावर आलं. उपाशी पाहुणे सापडले नाहीत, पण ते गेले असल्यामुळेच सापडत नसावेत, असा अहवाल त्याने दिला आणि कोर्टाने तो स्वीकारला.

मग शेजारणीची साक्ष झाली. भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे तिला सगळं पाठ. "रोज भांडायच्या हो. मीठ, मीठ, मीठ. आम्हाला घड्याळ लागायचं नाही. भांडण सुरू झालं की आम्ही पानं घ्यायचो."

नंतर खुद्द कोशबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी भाच्याने त्यांना पढवून ठेवलं होतं. "मावशी, एकच सांग. तू त्यांच्या पातेल्यातलं खायचीस. एवढं आलं की चूल एक झाली, आणि आपण जिंकलो."

आता खरं सांगायचं, तर कोशबाई विहीणबाईंच्या पातेल्यातलं खात होत्या. रोज खात होत्या. विहीणबाई आंघोळीला गेल्या, की नळाचा आवाज सुरू होताच त्या उजव्या बर्नरवरचं झाकण उचलायच्या आणि उभ्या उभ्या चमचाभर तोंडात टाकायच्या. मग आणखी एक चमचा. नळ बंद झाला की झाकण जागच्या जागी. इतक्या वर्षांत एकदाही पकडल्या गेल्या नाहीत.

समोरच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "बाई, विहीणबाईंच्या पातेल्यातलं तुम्ही कधी खाल्लंत?"

कोर्टात शेजारीण बसली होती. गल्लीतल्या चौघीजणी बसल्या होत्या. कोशबाईंनी मान ताठ केली. "छे! ते मीठ कोण खाणार?"

भाच्याने कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर तो पायऱ्यांवरच तापला. "मावशी, घर जाईल अशाने! एका चमच्याचा प्रश्न होता!"

"मग जाऊ दे," कोशबाई म्हणाल्या आणि घरी जाऊन रडल्या. घर जाईल म्हणून रडल्या, आणि विहीणबाई असत्या तर हे ऐकून केवढ्या हसल्या असत्या, म्हणूनही रडल्या.

घर मात्र गेलं नाही. पुढची तारीख घराची होती. कारकुनाने वाचलं, "घर. कुटुंबाची राहण्याची जागा. पाहा, कुटुंब." समोरचे वकील उठले. "साहेब, कुटुंब आपण आधीच बघितलंय. तिथूनच तर निघालो होतो."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "पण कोश पुन्हा पाहा म्हणतोय ना? म्हणजे पहिल्या खेपेला आपल्या बघण्यात काहीतरी राहिलं असणार. कोश उगाच कशाला दोनदा सांगेल?" आणि पुन्हा कुटुंबाची तारीख लागली, नंतर चुलीची, नंतर घराची. कमिशनर पुन्हा शेगडी हुंगून गेला. शेजारीण साक्ष देऊन देऊन इतकी तयार झाली, की मिठाचा भाग आला की दोघींचे आवाज काढून दाखवायची. दर खेपेला न्यायाधीश न चुकता म्हणायचे, "तोवर बाईंना घरातून हलवायचं नाही." भाच्याला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "मावशी, काय वर्तुळ काढून ठेवलंयस! या वर्तुळाला शेवटच नाही. तू शंभर वर्षं राहा त्या घरात."

कोशबाईंच्या जिवाला मात्र चैन नव्हतं. जन्मभर झाकून ठेवलेली चूक दर तारखेला भर कोर्टात खणखणीत आवाजात वाचली जात होती. आणि ती चूकच आपल्याला सांभाळतेय, हे त्याहून वाईट.

अशात एका सकाळी शब्दकोशाच्या कचेरीतून नव्या संपादक आल्या. एके काळी त्या बाईंच्या हाताखाली उमेदवारी करत होत्या. आता त्यांचे केस पिकले होते आणि हातात नव्या आवृत्तीची मुद्रितं होती. चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली, तरी मुद्द्यावर येईनात.

"बोला की," कोशबाई म्हणाल्या.

"बाई, तुमचं ते वर्तुळ... मंडळाने सोडवलंय." त्यांनी कागद पुढे सरकवला. 'कुटुंब: रक्ताने किंवा विवाहाने जोडलेली माणसे.' खाली पाहा नाही, काही नाही.

कोशबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. रक्त तर नव्हतंच. विवाह होता, तो मुलांनी मोडला. ही ओळ छापली की समोरचे वकील ती कोर्टात ठेवणार आणि खेळ खलास.

"व्याख्या चांगली आहे," त्या म्हणाल्या, कारण चांगलीच होती. सुटसुटीत, कुठे अडखळणं नाही. कोशकाराची जात अशी, की घर चाललेलं असताना स्वल्पविराम तपासते.

"ती आता बदलता येणार नाही," संपादकबाई खालच्या मानेने म्हणाल्या. "मला तुमचा खटला माहीत आहे हो. मंडळापुढे भांडले मी. पण आपल्या कचेरीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. व्याख्या मंडळाची, उदाहरण मात्र ज्याने शब्द पहिल्यांदा लिहिला त्याचं. जुन्या आवृत्तीत जागा पुरली नाही, म्हणून 'कुटुंबा'ला तुम्ही उदाहरण दिलंच नव्हतं. आता एका ओळीची जागा आहे. तेवढं तुम्ही द्या."

कोशबाई कागद घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. उदाहरणं त्यांनी हजारांनी लिहिली होती. सगळी अनोळखी माणसांची. कुणीतरी पाहुणे, कुणीतरी शेजारी, जे कधी जन्मले नाहीत आणि उपाशी मात्र गेले. आपल्या ओळखीचं माणूस उदाहरणात घालायचं नाही, असा त्यांचा स्वतःचा दंडक होता. त्यांनी उजव्या बर्नरकडे बघितलं. मग ओट्यावरच कागद ठेवून एक ओळ लिहिली. ही लबाडी होती का? होती, थोडीशी. पण त्या ओळीतला एकही शब्द खोटा नव्हता, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

संपादकबाईंनी ओळ वाचली, डोळे पुसले आणि शुद्धलेखन तपासून कागद पिशवीत घातला.

नवी आवृत्ती आली, त्याच आठवड्यात समोरच्या वकिलांनी ती कोर्टात दाखल केली. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की घरमालकाने त्यांच्याकडे बघून नवीन भाडेकरूच ठरवून टाकला असावा. "साहेब, फिरणं संपलं. नवा कोश. वाचू का मीच?"

"वाचा."

"कुटुंब. रक्ताने किंवा विवाहाने जोडलेली माणसे." त्यांनी कोश दणकन मिटला. "रक्त नाही, विवाह मोडलेला. बाई कुटुंबात बसत नाहीत. घर रिकामं करून द्यावं."

भाच्याने खाली मान घातली. न्यायाधीशांनाही मनातून वाईट वाटत असावं, त्यांनी बराच वेळ लेखणी कागदाला टेकवली नाही. मग म्हणाले, "उदाहरण?"

"किरकोळ आहे साहेब."

"या कोर्टात नोंद अर्धी वाचत नाहीत. तुम्ही जुने वकील आहात, तुम्हाला सांगायला हवं का?"

वकिलांनी कोश पुन्हा उघडला. ओळ त्यांनी तोवर वाचलीच नव्हती. उदाहरणं वाचतो कोण? त्यांनी आपल्या गोड आवाजात सुरुवात केली, आणि मग तो आवाज हळूहळू बसत गेला.

"उदाहरणार्थ, मुलांनी काडीमोड घेतला, तरी त्या दोघी विहिणी एकाच शेगडीच्या दोन बर्नरवर शेवटपर्यंत एक कुटुंब होत्या."

कोशबाईंनी पदर तोंडाशी धरला. विहीणबाई असताना हे वाक्य स्वतः बाईंच्या तोंडून कधीच निघालं नव्हतं. आज ते निघालं, तेही घरमालकाच्या वकिलाच्या तोंडून.

"साहेब!" वकील भानावर आले. "हे बाईंनीच लिहिलंय! उघड उघड यांनीच!"

"कोश कुणी लिहिला याची कोर्टाने दखल घ्यायची नाही," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. "तुमच्याच अर्जावर ठरलंय. कोशाला आईबाप नसतात." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आणि बघा, कोशाने त्या दोघींना बघितलेलं आहे. दोन बर्नरसुद्धा नीट बघितलेत. आमच्या कमिशनरचा अहवालही तेच सांगतो. बाईंनी त्या घरात राहावं. निकाल झाला."

भाच्याचा जीव भांड्यात पडला. तो कागद गोळा करायला लागला. न्यायाधीश उठता उठता थांबले. इतक्या तारखांमध्ये ज्या बाईचं आपणहून बोललेलं तेवढं खोडलं गेलं होतं, तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"काही नाही साहेब," भाचा घाईने म्हणाला.

"आहे," कोशबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "मागे पिंजऱ्यात मी खोटं बोलले. त्यांच्या पातेल्यातलं मी रोज खात होते. त्या आंघोळीला गेल्या की. मीठ... मीठ त्यांचंच बरोबर असायचं."

"मावशी, जिंकलोय आपण, गप्प बस!" भाच्याने पदर ओढला. समोरचे वकील टुणकन उठले. "खोटी साक्ष! साहेब, खोटी साक्ष!" मागच्या बाकावर शेजारणीने डोळ्याला रुमाल लावला होता.

कारकुनाला काही सुचेना. निकाल तर लागून गेला होता. लेखणी हवेतच धरून त्याने विचारलं, "साहेब, हे लिहायचं का?"

न्यायाधीश परत खुर्चीत बसले.

"लिहा," ते म्हणाले. "मिठासकट लिहा. अर्धं काही सोडू नका."